मुलीला सारखी रांजणवाडी येतेय: लवंग उगाळून लावू की डॉक्टरांची ट्यूब?

मृद्गंध_कराड

नमस्कार सगळ्यांना. मुलगी तिसरीत आहे. दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला रांजणवाडी आली, ती फुटून बसली, मग डावीकडे आली आणि आता परत उजवीकडे, यावेळी खालच्या पापणीला, अगदी केसांच्या मुळाशी. लाल, टपोरी, हात लावू देत नाही, रात्री ठणकतं म्हणून रडते आणि सकाळी उठते तेव्हा डोळा चिकटलेला असतो.

आमच्या आईंनी (सासूबाई) पहिल्या दिवसापासून सहाणेवर लवंग उगाळून लावायला सुरुवात केलीय, मधे एकदा खारकेची बी पण उगाळली. तळहातावर बोट घासून गरम करून त्यावर टेकवतात ते वेगळंच. मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी ट्यूब दिली आणि शेकायला सांगितलं, एवढंच. मिस्टर म्हणतात ट्यूबच लाव, बाकी सगळं बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात ज्या केसाच्या मुळाशी आलीय तो केस उपटला की पू निघून जातो. मेडिकलवाल्याकडे गेले तर त्याने आपणहून एक ड्रॉप्सची बाटली काढून दिली, ती मी अजून उघडलेली नाही.

मला खरंच समजून घ्यायचंय की ही होते कशाने, लवंगेने काही अपाय होतो का, आणि एकामागून एक का येतायत. शाळेत पाठवलं तर दुसऱ्या मुलांना होईल का? आईंनी आमच्या घरातली सगळी मुलं अशाच उपायांनी वाढवलीयत, त्यामुळे त्यांना नुसतं "हे चुकीचं आहे" म्हणून थांबवणं मला पटत नाही, नीट कारण सांगता आलं पाहिजे.

दृष्टी_नाशिक

ताई, मी डोळ्यांची डॉक्टर आहे, मुलीला न बघता औषध सांगणार नाही पण समजावून नक्की सांगते.

पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, काही तेलकट पदार्थ तयार करतात, काही घामाच्या असतात. त्यातल्या एखादीचं तोंड बंद झालं की आतला पदार्थ साचतो आणि त्यात जंतू वाढतात. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे बॅक्टेरिया असतात. ते कुठून बाहेरून येतात असं नाही, साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात ते एरवीही असतात, काही त्रास न देता. मूल नाकात बोट घालतं, त्याच हाताने डोळा चोळतं, आणि ग्रंथी आधीच तुंबलेली असेल तर तिथे गळू होतं. रांजणवाडी म्हणजे पापणीवरचं छोटं गळूच. काही वेळा ती कडेला न येता पापणीच्या आतल्या बाजूला येते, तिथे मायबोमियन नावाच्या लांबट ग्रंथी उभ्या ओळीत असतात, वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत थोड्या कमी. ही आतली रांजणवाडी जास्त दुखते आणि बरी व्हायला वेळ घेते.

आता उपचार. तुमच्या डॉक्टरांनी "एवढंच" सांगितलं असं तुम्ही लिहिलंय, पण त्यातला शेक हाच मुख्य इलाज आहे. बहुतेक रांजणवाड्या एक ते दोन आठवड्यात आपोआप फुटून किंवा जिरून जातात आणि शेकाने ते लवकर आणि कमी त्रासात होतं, कारण उष्णतेने तुंबलेलं तेल पातळ होतं आणि तोंड मोकळं होतं. स्वच्छ मऊ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि मग मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचं. फडकं दोन मिनिटांत गार होतं, बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात शेकलं पण फरक नाही. परत परत बुडवून दहा-पंधरा मिनिटं उष्णता टिकली पाहिजे आणि असं दिवसातून तीन-चार वेळा. गोष्ट सांगत सांगत करा, मूल बसतं.

ट्यूब पापणीच्या कडेवरचे जंतू कमी करते, पू वाहत असेल किंवा पापणीची कडच सुजलेली असेल तेव्हा उपयोगी पडते. पण आत साचलेल्या गळवापर्यंत ती फारशी पोचत नाही, म्हणून शेक सोडून नुसती ट्यूब लावण्यात अर्थ नाही.

पिळायचं मात्र अजिबात नाही. दाबल्याने पू आतल्या बाजूला पसरू शकतो आणि मग साध्या रांजणवाडीचं अख्ख्या पापणीचं इन्फेक्शन होतं. केस उपटायचं घरी तर नकोच, मूल हललं की नख किंवा चिमटा बुबुळाला लागतो.

शाळेत पाठवा. डोळे आले की जसे वर्गभर पसरतात तसं हे पसरत नाही. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा आणि हात धुवायची सवय लावा, तेवढं पुरे. लवंगेबद्दल रात्री लिहिते, ओपीडी सुरू होतेय.

कोकणकडा

डॉक्टरांचा मान ठेवून लिहितो, पण लवंगेला इतक्या सहज नाकारू नये. आमच्या गावाकडे (राजापूरजवळ) पिढ्यान्‌पिढ्या रांजणवाडीला लवंगच लावतात आणि दोन दिवसांत बसते हे मी लहानपणापासून बघत आलोय, माझ्या स्वतःच्या डोळ्याला आजीने लावलीय, कोणाचा डोळा गेला नाही. दाताचे डॉक्टरसुद्धा लवंगेचं तेल वापरतात ना, मग त्यात जंतू मारायची ताकद आहे हे त्यांनीच मान्य केलंय. जुन्या बायकांना बॅक्टेरिया हा शब्द माहीत नव्हता पण कशाने काय बरं होतं हे माहीत होतं. प्रत्येक गोष्टीला अँटिबायोटिक लावून आपण मुलांची प्रतिकारशक्ती घालवतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

दृष्टी_नाशिक

कोकणकडा, लवंगेत युजेनॉल असतं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते जंतूंची वाढ रोखतं, यात तुमचं काहीच चुकत नाही. पण तेच युजेनॉल नाजूक त्वचेला आणि डोळ्याला झोंबतं, भाजतंसुद्धा. दातावर चालतं म्हणून बुबुळावर चालेल असं होत नाही. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, त्यात रांजणवाडी बुबुळापासून एक-दोन मिलिमीटरवर, आणि मूल तर लेप सुकायच्या आत डोळा चोळणारच. लवंगेचा कण आत गेला, बुबुळावर ओरखडा पडला, मग उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही, अशी मुलं आमच्याकडे येतात. लसूण चोळतात काही ठिकाणी, त्याने तर त्वचा भाजून फोड येतात.

दोन दिवसांत बसते म्हणता त्याबद्दल. आपण लेप केव्हा लावतो? ठणका सगळ्यात जास्त असतो तेव्हा, म्हणजे गळू फुटायला आलेलं असतं तेव्हा. त्यानंतर ते काही न लावताही बसणारच असतं, श्रेय मात्र शेवटी जे लावलं त्याला जातं. हे आमच्या ट्यूबलाही तितकंच लागू आहे, मी ते प्रामाणिकपणे सांगते. आतल्या रांजणवाडीवर बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांचा पुरावा शोधायला कॉक्रेनच्या (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) लोकांनी नीट आढावा घेतला होता, त्यांना निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. म्हणून अँटिबायोटिकबद्दल तुम्ही जे म्हणता त्यातलं अर्धं मला मान्य आहे, साध्या रांजणवाडीला पोटातून अँटिबायोटिक लागत नाही.

ताई, आईंचं तळहातावर बोट घासून टेकवणं मात्र चुकीच्या दिशेचं नाही, तोही शेकच आहे, फक्त फार थोडा वेळ टिकणारा आणि हात स्वच्छ नसतील तर धोक्याचा. तोच शेक फडक्याने करायला त्यांनाच सांगा.

वैद्य_मधुवंती

मी आयुर्वेदात शालाक्यतंत्र, म्हणजे नेत्र, कान, नाक, घसा या विषयात एम.एस. केलंय, पुण्यात प्रॅक्टिस करते. इथे "आयुर्वेद विरुद्ध डॉक्टर" असं चित्र तयार व्हायला लागलंय म्हणून लिहावंसं वाटलं, कारण ग्रंथात जे आहे ते वाचलं तर भांडण बरंचसं उरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग दिलेत, त्यातले २१ पापणीचे. रांजणवाडीला तिथे अंजननामिका म्हटलंय आणि वर्णन असं की पापणीवर आलेली, तांबूस, आग होणारी, टोचल्यासारखं दुखणारी, मऊ, लहान पुळी. वाग्भट हा नंतरचा ग्रंथकार तिचा आकार मुगाएवढा सांगतो. कारण म्हणून रक्तदुष्टी, म्हणजे रक्त बिघडणं, सांगितलीय, जंतू ही कल्पना आजच्या अर्थाने तिथे नाही आणि ती ओढूनताणून बसवायचीही गरज नाही. पण मला कायम महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच अध्यायात लगण नावाचा दुसरा रोग वेगळा काढलाय. बोराएवढी गाठ, कठीण, न पिकणारी आणि न दुखणारी. आज डॉक्टर ज्याला कलेझियन म्हणतात ती हीच म्हणायला हरकत नाही, ग्रंथी तुंबून झालेली गाठ पण जंतूंचं गळू नव्हे. दुखणारी कुठली आणि न दुखणारी कुठली, पिकणारी कुठली आणि न पिकणारी कुठली, हा फरक इतक्या बारकाईने बघितलाय आणि उपचार त्यावरच अवलंबून आहे.

उपचारात पहिली पायरी स्वेदन, म्हणजे शेक. नंतर ती आपोआप फुटली तर हलकेच पू काढून वर औषध घासायचं, न फुटल्यास शस्त्रकर्म जाणणाऱ्याने भेदन करायचं, म्हणजे चीर देऊन फोडायची. म्हणजे पिळणं आणि फोडणं आहे, पण ते शिकलेल्या वैद्याच्या हातात, घरात नाही. वर घासायच्या औषधात मध, सैंधव, वेलची, तगर यांच्याबरोबर मनःशिळा पण आहे आणि मनःशिळा म्हणजे आर्सेनिकचं खनिज, त्यामुळे श्लोक वाचून कोणी घरी प्रयोग करू नये ही हात जोडून विनंती. सहाणेवरची लवंग या पाठात मला कुठेही दिसलेली नाही, ती घरगुती परंपरा आहे, तिचा मान वेगळा पण तिला सुश्रुताचं नाव लावू नका.

त्रिफळ्याच्या काढ्याने डोळे धुवायचं बरेच जण विचारतात. घरी केलेला काढा निर्जंतुक नसतो, गाळला तरी कण राहतात, आणि इथे तर आधीच जंतुसंसर्ग आहे, त्यामुळे लहान मुलाच्या डोळ्यात घरचा काढा नको. पोटातून काय द्यायचं ते प्रकृती, पचन, मलावरोध बघून ठरतं, ते इथे सांगत नाही.

बालभारती_आई

माझ्या मुलाला पहिलीत असताना असंच सारखं व्हायचं, एक गेली की दुसरी. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला तर चष्मा निघाला. फळा नीट दिसत नसल्याने तो डोळे बारीक करायचा आणि सतत चोळायचा, आम्हाला वाटायचं झोप आलीय किंवा टीव्ही जास्त होतोय. चष्मा लागल्यावर चोळणं थांबलं आणि रांजणवाड्याही. सगळ्यांच्या बाबतीत हेच असेल असं नाही पण ताई, एकदा नंबर बघून घ्याच, मूल स्वतःहून सांगत नाही की दिसत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

दृष्टी_नाशिक

अगदी बरोबर, वारंवार येणाऱ्या रांजणवाडीला मी पहिल्यांदा हेच बघते. दुसरं म्हणजे पापणीच्या कडा, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे असतात का, तसं असेल तर ते ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह, आणि तो जोपर्यंत आवरत नाही तोपर्यंत रांजणवाड्या येतच राहतात. डोक्यात कोंडा आहे का तेही बघा. मोठ्या माणसाला वारंवार आली तर रक्तातली साखर तपासायची, कधी कधी डायबेटिस असाच पकडला जातो. मुलांमध्ये ते क्वचित, पण खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असं काही असेल तर थांबू नका.

निवृत्त_बाई

वयाने मोठी आहे म्हणून जुनं सांगते. आमच्या लहानपणी खानदेशात घरातली बाई एकाच डबीतलं काजळ एकाच बोटाने सगळ्या पोरांच्या डोळ्यात घालायची. एकाला रांजणवाडी किंवा खुपऱ्या असल्या तरी तेच बोट पुढच्याच्या डोळ्यात. खुपऱ्यांनी पापणी आत वळून केस बुबुळाला टोचत राहायचे, आमच्या आत्याची नजर त्यानेच गेली. आता नातवंडांना काजळ घालायचं म्हटलं की माझा हात मागे येतो. मृद्गंध, तुमच्याकडे काजळ घालतात का मुलीला? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते.

दृष्टी_नाशिक

बाई, फार मोलाचं सांगितलंत. खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा, तोही बॅक्टेरियाचाच रोग, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या. बोटं, एकच टॉवेल आणि डोळ्यावर बसणाऱ्या माश्या यांनी तो घरभर पसरायचा. त्याच्यासाठी १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून तो संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. तुमच्या आत्यांसारखी माणसं बघितलेल्या डॉक्टरांची पिढी आता निवृत्त होतेय, म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

रांजणवाडी असताना काजळ पूर्ण बंद. ग्रंथीची तोंडं जिथे उघडतात त्याच कडेवर आपण तूप किंवा तेल आणि काजळी थापतो. शिवाय बाजारातल्या काही सुरम्यांत आणि काजळात शिसं सापडलेलं आहे, लहान मुलांच्या मेंदूला ते वाईट.

परभणीकर

विषय निघालाच आहे तर माझ्या आईचं सांगतो, मुलीच्या बाबतीत हे लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी म्हातारं माणूस असेल. आईला साठीनंतर वरच्या पापणीला गाठ आली, रांजणवाडी म्हणून शेकलं, कापून काढली, काही महिन्यांनी त्याच जागी परत आली, परत काढली. दोन्ही वेळा काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही. तिसऱ्या वेळी तिथले केस गळायला लागले तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरात नेलं, तिथे बायोप्सी केली आणि तेलाच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. पापणीचा बराचसा भाग काढून परत बांधावा लागला. आई आज बरी आहे, पण वेळ गेला तो गेला.

दृष्टी_नाशिक

आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडे पापणीच्या कॅन्सरमध्ये या सेबेशियस प्रकाराचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच जास्त आहे आणि तो साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो. मोठ्या वयात त्याच जागी परत येणारी गाठ, तिथले पापणीचे केस गळणं, एकाच डोळ्याची पापणी महिनोन्‌महिने लाल, यातलं काही असेल तर काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा असं डॉक्टरांना स्वतः सांगा, संकोच करू नका.

मृद्गंध_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. आईंना वैद्यताईंचं सगळं वाचून दाखवलं. शेक पहिला आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या, म्हणाल्या शेकायचं काम माझ्याकडे, आणि लवंगेचा हट्ट सोडला. काजळ घालतो आम्ही, रोज नाही पण सणावाराला आणि दृष्ट लागू नये म्हणून. आता डोळ्यात नको, कानामागे तीट लावते म्हणाल्या. मुलगी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते हे बालभारती_आईंचं वाचल्यावर लक्षात आलं.

दोनच गोष्टी राहिल्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या ड्रॉप्सवर दोन औषधांची नावं आहेत, दुसऱ्याच्या शेवटी "मेथासोन" असं काहीतरी आहे, ते चालतील का? आणि नेमकं कशाला घाबरून ताबडतोब पळायचं?

दृष्टी_नाशिक

ते स्टेरॉइड आहे ताई, बाटली परत करा किंवा टाकून द्या. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले हे ड्रॉप्स घातले की लाली पटकन उतरते, म्हणून मेडिकलवाले देतात आणि लोकही खूश होतात. पण डोळ्यात नागिणीच्या जातीचा व्हायरस किंवा बुरशी असेल तर स्टेरॉइडने ती झपाट्याने वाढते, आणि जास्त दिवस घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मुलांमध्ये तर लवकर. चिठ्ठीशिवाय हे विकायचंच नसतं.

ताबडतोब केव्हा: अख्खी पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, ताप आला, डोळा हलवताना दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, अंधुक दिसतंय किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय. यातलं एक जरी असलं तरी रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, इन्फेक्शन डोळ्याच्या मागे उतरलेलं असू शकतं आणि तिथे शिरेतून औषधं द्यावी लागतात. यातलं काही नसेल तर शेक चालू ठेवा आणि याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट घ्या. लहान मुलांचा नंबर डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून काढावा लागतो, त्यानंतर जवळचं काही तास नीट दिसत नाही, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका, शनिवारी न्या.

वैद्य_मधुवंती

एक भर. शेकून दुखणं गेलं पण गाठ तशीच कठीण राहिली तर घाबरू नका, ती लगणाकडे म्हणजे कलेझियनकडे वळलेली असते. मुलांमध्ये अशा गाठी शेक आणि हलक्या मसाजने काही आठवड्यांत, कधी महिन्यांत जिरतात. मसाज ठणका पूर्ण गेल्यावरच, वरच्या पापणीला वरून खाली आणि खालच्या पापणीला खालून वर, केसांच्या दिशेने. कापायची घाई नको, लहान मुलांना त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते.

कोकणकडा

वैद्यताई, शेकायच्या पाण्यात हळद टाकली तर?

वैद्य_मधुवंती

नको, साधं उकळून सोसवेल इतकं निववलेलं पाणी. हळदीचे कण डोळ्यात खुपतात, आणि पापणी पिवळी झाली की लाली वाढतेय की उतरतेय तेच कळत नाही.